‘माहिती चांगली, पण तुलना कुठे आहे?’ हा शेरा पुन्हा पुन्हा येत असेल तर

तुलनात्मक निबंध तपासून परत येतो आणि समासात तोच शेरा असतो : ‘माहिती चांगली, पण तुलना कुठे आहे?’ पुढच्या खेपेला लिहिणारा आणखी वाचतो, आणखी आकडे घालतो, निबंध दीडपट लांबतो. शेरा मात्र बदलत नाही. याचं कारण साधं आहे. दुरुस्ती माहितीची होत राहते आणि बिघाड दुसरीकडेच असतो. माहिती कमी पडली म्हणून तुलना फसली, असं क्वचितच पाहायला मिळतं. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या हातात दोन विषय असतात, पण त्या दोघांना एकत्र आणणारा प्रश्न नसतो. मग एका विषयावरचं टिपण संपतं, दुसऱ्यावरचं सुरू होतं आणि मध्ये ‘याउलट’ हा शब्द येऊन बसतो.

खाली नेहमीची लक्षणं आणि त्यांच्यावरचे उपाय दिले आहेत. पहिल्या बिघाडावर जास्त लिहिलं आहे, कारण बाकीचे बरेचसे बिघाड त्याच्यातूनच निघतात. तो दुरुस्त झाला की काही आपोआप नाहीसे होतात.

आधी एक चाचणी

निबंधाच्या मधला कुठलाही एक परिच्छेद घ्या. त्यातली दुसऱ्या विषयाबद्दलची सगळी वाक्यं बोटाने झाका आणि उरलेलं वाचा. वाचताना कुठेही अडखळायला झालं नाही, काही तुटल्यासारखं वाटलं नाही, तर त्या परिच्छेदात तुलना नाही. खऱ्या तुलनेतून एक बाजू काढली की दुसरी लंगडी पडते.

उदाहरण म्हणून शुक्र आणि मंगळ घेऊ. बऱ्याच निबंधांत असा मजकूर सापडतो :

‘शुक्राचा व्यास सुमारे १२,१०० किलोमीटर आहे. त्याच्या वातावरणात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आहे. त्याला एकही उपग्रह नाही. याउलट मंगळाचा व्यास सुमारे ६,८०० किलोमीटर आहे. त्याच्याही वातावरणात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आहे. त्याला फोबोस आणि डिमोस असे दोन उपग्रह आहेत.’

यातलं एकही विधान चुकीचं नाही. पण मंगळाची वाक्यं झाकली तर शुक्राचं टिपण जसंच्या तसं उभं राहतं, आणि शुक्राची झाकली तर मंगळाचं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे फक्त ‘याउलट’मुळे कळतं. त्यात ‘याउलट’नंतर लगेच साम्यही सांगितलं आहे, म्हणजे तो शब्दसुद्धा चुकीच्या जागी पडला आहे.

आता जवळपास तीच माहिती अशी लिहून पाहा :

‘शुक्र आणि मंगळ या दोघांच्याही वातावरणात कार्बन डायऑक्साइडचा वाटा ९५ टक्क्यांच्या घरात आहे. हा वायू उष्णता अडवून ठेवतो. त्या हिशेबाने दोन्ही ग्रह तापलेले असायला हवेत. प्रत्यक्षात शुक्राच्या पृष्ठभागाचं तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या वर आहे, तर मंगळाचं सरासरी तापमान शून्याखाली ६० अंशांच्या आसपास. टक्केवारी सारखी असली तरी हवेचा साठा सारखा नाही. शुक्राच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या ९० पटींहून अधिक आहे, मंगळावर तो पृथ्वीच्या एक टक्काही भरत नाही.’

इथे मंगळ झाकला की ‘त्या हिशेबाने दोन्ही ग्रह’ हे वाक्यच निरर्थक होतं. परिच्छेद एका कोड्यावर उभा आहे आणि ते कोडं दोन्ही ग्रह समोर असल्याशिवाय पडतच नाही. व्यास आणि उपग्रह गळून गेले, हेही लक्षात घ्या. ती माहिती चुकीची नव्हती. या प्रश्नाला तिचा उपयोग नव्हता, इतकंच.

बिघाड पहिला : निबंधाला प्रश्नच नाही

लक्षण ओळखायला निबंधाचं पहिलं पान पुरतं. प्रास्ताविकाच्या शेवटी ‘या दोघांमध्ये काही साम्यं आणि काही फरक आहेत’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर पुढे काय होणार हे तिथेच ठरलेलं असतं. जगातल्या कुठल्याही दोन गोष्टींबद्दल हे वाक्य खरं आहे, म्हणून ते कशाचंही मध्यवर्ती विधान होऊ शकत नाही.

ही सवय बहुधा ‘फरक स्पष्ट करा’ छापाच्या उत्तरांमधून लागते. मध्ये रेघ मारायची, डावीकडे एक, उजवीकडे दुसरा, चार-पाच मुद्दे, की गुण मिळाले. त्या प्रकारच्या प्रश्नाला ते उत्तर ठीकच आहे. निबंधाची मागणी वेगळी असते. फरक आहे हे तर दिसतंच. तो का पडला, त्यातून काय कळतं, की तो वरवरचा आहे, हे निबंधाने सांगायचं असतं.

उपाय लिहायला बसण्याआधी करायचा आहे. दोन्ही विषयांबद्दलची तुमची टिपणं समोर ठेवा आणि त्यांतून ‘असूनही’ किंवा ‘असली तरी’ घालून वाक्यं तयार करायचा प्रयत्न करा. ‘दोघांच्या वातावरणात एकच वायू असूनही एक भाजून निघतो आणि दुसरा गोठतो.’ ‘जिवाणू आणि विषाणू दोघेही संसर्ग घडवत असूनही प्रतिजैविकं एकावरच चालतात.’ असं वाक्य जमलं की प्रश्न सापडला : असं का? जमत नसेल तर टिपणं अजून कच्ची आहेत, किंवा तुम्ही फक्त एकाच बाजूची यादी करत आहात.

कुठली बाजू शोधायची याचाही एक ढोबळ नियम आहे. जे विषय पाहताक्षणी सारखे वाटतात, त्यांच्यातला फरक शोधा. जे वेगळे वाटतात, त्यांच्यातलं साम्य शोधा. वाचकाला जे आधीच दिसतंय ते त्याला पुन्हा सांगितलं की तो कंटाळतो. फुलपाखरू आणि विमान दोन्ही उडतात, हे सांगायला निबंध कशाला हवा?

‘असूनही’चं वाक्य मिळालं की काम संपत नाही, कारण आता उत्तर द्यावं लागतं, आणि पहिलं सुचलेलं उत्तर बरेचदा तकलादू निघतं. शुक्र-मंगळाच्या परिच्छेदावर कुठलाही चिकित्सक वाचक म्हणेल, ‘मंगळ सूर्यापासून लांब आहे, म्हणून थंड आहे, एवढं सरळ आहे.’ आक्षेप रास्त आहे. शुक्र सूर्यापासून सुमारे १०.८ कोटी किलोमीटरवर, मंगळ सुमारे २२.८ कोटी किलोमीटरवर. अंतराचा परिणाम होतोच, तो नाकारून चालणार नाही. पण बुध शुक्रापेक्षाही सूर्याजवळ आहे, आणि तरी त्याचं दिवसाचं कमाल तापमान ४३० अंशांच्या आसपास थांबतं. शिवाय रात्री ते शून्याखाली १८० अंशांपर्यंत घसरतं, कारण उष्णता धरून ठेवायला तिथे म्हणण्याजोगं वातावरणच नाही. म्हणजे एकट्या अंतराने हिशेब जुळत नाही. तिसरा ग्रह इथे दोन वाक्यांपुरता आला, साक्ष देऊन गेला. अशा पाहुण्याला निबंधात जरूर जागा द्या, फक्त त्याला मुक्काम करू देऊ नका.

तुलनेचा एक मोठा फायदा आहे, तो फार कमी लोक घेतात. तिच्यामुळे कारणं पारखता येतात. समजा तुम्ही लिहिलंत, ‘मंगळाभोवती ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र उरलेलं नाही, म्हणून सौर वाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताने, त्याचं वातावरण ओरबाडून नेलं.’ एकट्या मंगळावरच्या निबंधात हे वाक्य खपून जाईल. शेजारी शुक्र ठेवला की अडचण होते, कारण शुक्रालाही स्वतःचं असं चुंबकीय क्षेत्र नाही आणि त्याचं वातावरण तर पृथ्वीहून कितीतरी दाट आहे. म्हणजे एवढ्या एका कारणावर भागत नाही. मग वस्तुमानाकडे वळावं लागतं. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश, शुक्राचं पृथ्वीच्या सुमारे चार पंचमांश. हलक्या ग्रहाची पकड सैल, त्याच्याकडून हवा निसटणं सोपं. हा युक्तिवाद दोन ग्रहांना शेजारी बसवल्यामुळे सुचला. निबंधात अशी एक जागा जरी साधली, तरी ‘तुलना कुठे आहे’ असं कोणी विचारणार नाही.

बिघाड दुसरा : निबंध मधोमध दुभंगतो

तुलनात्मक निबंधाची मांडणी दोन प्रकारे करतात. एक, आधी पहिल्या विषयाबद्दल सगळं, मग दुसऱ्याबद्दल सगळं. दोन, मुद्द्यामागून मुद्दा घ्यायचा आणि प्रत्येक मुद्द्यात दोन्ही विषय आणायचे. पहिल्या मांडणीत निबंध दुभंगण्याचा धोका जास्त, म्हणून बरेचजण सरसकट दुसरी वापरायला सांगतात. मला तो सल्ला अर्धवट वाटतो.

पहिली मांडणी बिघडते ती दुसऱ्या भागात. पहिला विषय सांगून झाला की लिहिणारा तो विसरून जातो आणि दुसऱ्याबद्दल नव्याने लिहायला लागतो. म्हणून दुरुस्तीही तिथेच करायची. दुसऱ्या भागातल्या प्रत्येक परिच्छेदाने पहिल्या भागातल्या एखाद्या गोष्टीकडे मागे वळून बघितलं पाहिजे, आणि मुद्दे त्याच क्रमाने आले पाहिजेत. प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क याने ग्रीक आणि रोमन पुरुषांची चरित्रं जोडीजोडीने लिहिली. एक पूर्ण चरित्र, मग दुसरं पूर्ण चरित्र, आणि बहुतेक जोड्यांच्या शेवटी दोघांना समोरासमोर ठेवणारं स्वतंत्र प्रकरण. ज्या थोड्या जोड्यांना असं प्रकरण आज उपलब्ध नाही, त्यांत सिकंदर आणि सीझर ही सगळ्यात गाजलेली जोडी आहे. तिथे तुलना वाचकालाच करावी लागते. प्लुटार्कच्या वाचकाकडे तेवढी सवड होती. निबंध तपासणाऱ्याकडे ती असेल असं धरून चालू नका.

विषय लहान असेल, दोन-तीन पानांत आटोपणारा असेल, किंवा एक विषय समजल्याशिवाय दुसरा कळणारच नसेल, तर पहिली मांडणी बिनधास्त वापरा. मुद्दे बरेच असतील आणि प्रत्येकात बारकावे असतील तर दुसरी.

दुसऱ्या मांडणीचाही स्वतःचा एक रोग आहे. एक वाक्य इकडचं, एक तिकडचं, पुन्हा इकडचं, पुन्हा तिकडचं. १७८९ची फ्रेंच राज्यक्रांती आणि १९१७ची रशियन राज्यक्रांती यांवर असं लिहिलेलं वाचून पाहा : ‘फ्रान्समध्ये राजा सोळावा लुई होता. रशियात झार दुसरा निकोलस होता. फ्रान्समध्ये लोक भुकेले होते. रशियातही लोक भुकेले होते. लुईला मृत्युदंड झाला. निकोलसलाही ठार मारलं.’ चार ओळींत मान दुखायला लागते. शिवाय ज्या ठिकाणी थांबायला हवं होतं तिथूनच हे वाक्य धावत पुढे जातं.

उपाय म्हणजे एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्यायचा, पण त्या मुद्द्यात प्रत्येक बाजूला दोन-तीन वाक्यांचा श्वास द्यायचा. असं :

‘दोन्ही क्रांत्यांमध्ये भाकरीच्या मागणीसाठी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि राजसत्ता हादरली. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसहून व्हर्सायवर निघालेल्या मोर्चाने राजाला पॅरिसमध्ये यायला भाग पाडलं, पण गादीवरून खाली उतरवलं नाही. फ्रान्समध्ये राजेशाही रद्द व्हायला १७९२चा सप्टेंबर उजाडावा लागला. रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडमध्ये, ८ मार्च १९१७ रोजी कामगार स्त्रिया बाहेर पडल्या आणि आठवडाभरातच झारने गादी सोडली. ठिणगी सारखी, पण एकीकडे तीन वर्षं आणि दुसरीकडे सात दिवस. १७८९मध्ये राजा नको अशी मागणीच फारशी कोणी करत नव्हतं, राजाला वठणीवर आणायचं होतं. १९१७मध्ये तिसरं वर्ष चालू असलेल्या महायुद्धाने राजाची पत आधीच संपवली होती, आणि राजधानीतली शिबंदीच लोकांना जाऊन मिळाली.’

या परिच्छेदात साम्य आधी आलं, फरक नंतर, आणि मग फरकाचं कारण. हा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. साम्यामुळे तुलनेला जमीन मिळते आणि फरक त्या जमिनीवर उठून दिसतो. उलट क्रम तेव्हा घ्यावा, जेव्हा तुमचं म्हणणं ‘वरून कितीही वेगळे दिसले तरी आतून सारखेच’ असं असेल.

राजांच्या शेवटाचा मुद्दाही ‘दोघांनाही मारलं’ एवढ्यावर सोडू नका. लुईवर राष्ट्रीय परिषदेसमोर उघड खटला चालला, आणि २१ जानेवारी १७९३ला भर चौकात त्याचा शिरच्छेद झाला. निकोलसला जुलै १९१८मध्ये कुटुंबासह एका घराच्या तळघरात गोळ्या घातल्या गेल्या, खटल्याशिवाय. नवी सत्ता आपलं कृत्य जगाला दाखवू इच्छिते की लपवू इच्छिते, असा एक अख्खा वेगळा प्रश्न यातून उभा राहतो. तो तुमच्या निबंधाचा प्रश्न असेल तर त्यालाच मध्यभागी ठेवा आणि भाकरीचा मुद्दा गाळा.

बिघाड तिसरा : निकष दोन्हीकडे सारखे नाहीत

एकाचा आकार सांगितला, दुसऱ्याचा इतिहास. एकाचे फायदे, दुसऱ्याचे तोटे. असं होतं तेव्हा लिहिणाऱ्याला बहुधा एक विषय जास्त माहीत असतो, किंवा जास्त आवडतो. वाचकाला हे लगेच जाणवतं, लिहिणाऱ्याला जाणवत नाही.

कच्चा तक्ता करा. निकष उभे, विषय आडवे. सुबक करू नका, तो निबंधात जाणार नाही. त्यात रिकामी घरं कुठे राहतात ते बघा. रिकामं घर भरता येत असेल तर माहिती शोधून भरा. भरता येत नसेल, कारण तो निकष त्या विषयाला लागूच पडत नाही, तर दोन शक्यता उरतात. एक तर तो निकष काढून टाका, किंवा घर रिकामं का आहे हाच मुद्दा करा.

दुसरी शक्यता दिसते त्यापेक्षा मोलाची असते. जिवाणू आणि विषाणू यांच्या तक्त्यात ‘पेशीभित्तिका’ हा निकष घाला. बहुतेक जिवाणूंच्या घरात मजकूर येईल. विषाणूंच्या घरात काहीच येणार नाही, कारण विषाणू ही पेशीच नव्हे. आता हे रिकामं घर पेनिसिलिनशी जोडून बघा. पेनिसिलिन जिवाणूंच्या पेशीभित्तिकेच्या बांधणीत अडथळा आणतं. ज्याला भिंतच नाही, त्याची भिंत पाडणार कशी? विषाणूजन्य सर्दीवर प्रतिजैविकं का घेऊ नयेत, याचं उत्तर त्या मोकळ्या घरात बसलं होतं.

तक्ता पूर्ण भरला की मात्र त्यातल्या निम्म्या ओळींवर काट मारायची तयारी ठेवा. जिवाणू साधारण मायक्रोमीटरच्या मापाचे, विषाणू बहुतेक त्याहून कितीतरी लहान, हे बरोबर आहे. पण निबंधाचा प्रश्न औषधांचा असेल तर आकाराच्या ओळीला एका उपवाक्यापेक्षा जास्त जागा नको. खपून मिळवलेली माहिती गाळायचं जिवावर येतं, हे खरं. ती वेगळ्या कागदावर ठेवा. फेकून द्यायची गरज नाही.

बिघाड चौथा : जोडशब्दांचा भडिमार

‘तर’, ‘मात्र’, ‘परंतु’, ‘याउलट’, ‘दुसरीकडे’, ‘त्याचप्रमाणे’. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी यांपैकी एक असेल तर निबंधाचा सांगाडा बाहेर आलेला असतो. सगळे जोडशब्द खोडा आणि परिच्छेद पुन्हा वाचा. अर्थ टिकला, तर जिथे खरंच वळण आहे तिथले दोन-तीनच परत घाला. अर्थ टिकला नाही, तर बिघाड शब्दांचा नाही, पहिल्या बिघाडाकडे परत जा.

बिघाड पाचवा : शेवटी पांढरं निशाण

‘अशा प्रकारे दोन्ही आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत.’ ‘दोन्ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.’ पाच पानं भांडून शेवटी असा तह केला की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. हे वाक्य येतं ते बहुतेक भीतीपोटी. एका बाजूने कौल दिला तर पक्षपाती ठरू, असं वाटतं.

पण तुलनेचा शेवट म्हणजे विजेता जाहीर करणं, असं कोणी सांगितलं? बऱ्याच विषयांत ‘श्रेष्ठ कोण’ हा प्रश्नच पोकळ असतो. त्याऐवजी ‘कोणत्या परिस्थितीत काय’ हे सांगा, आणि परिस्थिती नेमकी सांगा. मोघमपणा टाळण्याचा हाच मार्ग आहे.

प्रत्यावर्ती आणि दिष्ट विद्युतप्रवाह, म्हणजे एसी आणि डीसी, हा निबंधांचा आवडता विषय. १८८०च्या दशकात एडिसनच्या कंपन्या डीसीच्या बाजूने आणि वेस्टिंगहाउस एसीच्या बाजूने असा मोठा संघर्ष झाला आणि एसी जिंकला, इथवर सगळे लिहितात. जिंकला का, तर ट्रान्सफॉर्मरने एसीचा विद्युतदाब (व्होल्टेज) सहज वाढवता येतो. दाब वाढवला की तेवढीच वीज कमी प्रवाहात नेता येते, आणि तारांमध्ये होणारी गळती घटते. डीसीचा दाब असा वाढवायची सोपी सोय तेव्हा नव्हती. इथेच निबंध संपवला तर ‘एसी श्रेष्ठ’ हा निष्कर्ष निघतो, आणि तो अपुरा आहे. १९५४ साली स्वीडनने मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत समुद्राखालून वीज नेली ती उच्च दाबाच्या डीसीने. समुद्राखालच्या लांब केबलमध्ये एसी वापरला तर प्रवाहाचा मोठा वाटा केबलच भारित-अभारित करण्यात खर्ची पडतो. डीसीला ती अडचण नाही. दरम्यान दाब बदलण्याची आणि एसी-डीसी रूपांतराची साधनंही आली होती.

आता शेवट असा करता येतो : ‘एसीचा विजय हा ट्रान्सफॉर्मरचा विजय होता. दाब बदलायला दुसरी साधनं मिळताच, समुद्राखालच्या केबलींसारख्या ठिकाणी डीसी परत आला.’ इथे कोणालाच कमी लेखलेलं नाही, पण तहही केलेला नाही. वाचकाला एक नवी गोष्ट हाती लागते : निकाल वस्तूच्या गुणांइतकाच भोवतालच्या साधनांवर ठरला.

तुमच्या शेवटच्या परिच्छेदातून दोन्ही विषयांची नावं काढून तिथे दुसरीच कुठली तरी दोन नावं घाला. परिच्छेद तरीही खरा वाटला, तर तो कुठल्याही निबंधाला चालेल असा आहे. म्हणजे तुमच्या निबंधाचा नाही.

परीक्षेत वेळ नसेल तर

तक्ता वगैरे विसरा. पहिली पाच मिनिटं फक्त ‘असूनही’चं वाक्य आणि तीन निकष यांना द्या. ते वाक्य प्रास्ताविकाच्या शेवटी टाका, प्रत्येक निकषाला एक परिच्छेद, आणि सगळ्यात भक्कम निकष शेवटी ठेवा. वेळ संपत आली तर मधला निकष गाळा, शेवटचा गाळू नका. प्रश्नाचं क्रियापदही नीट वाचा. ‘साम्य-भेद सांगा’ म्हटलं असेल तर दोन्ही हवेत. ‘तुलना करा’ म्हटलं असेल तरी दोन्ही हवेत, नुसत्या साम्यांवर थांबू नका. ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं असेल तर साम्याला एक वाक्य पुरे.

एवढं करूनही शेरा हटत नसेल तर

मग जोडीच तपासा. काही जोड्या मुळातच जमत नाहीत. दोन्ही विषय एकाच जातकुळीचे नसतील, म्हणजे एक अख्खा वर्ग आणि दुसरं त्याच वर्गातलं एक उदाहरण असेल (‘ग्रह आणि मंगळ’, ‘क्रांती आणि फ्रेंच राज्यक्रांती’), तर तुलना होतच नाही, फार तर व्याख्या होते. दोघांमध्ये ओढूनताणून बादरायण संबंध जोडावा लागत असेल, तर पहिल्या पानावरच वाचक हात टेकतो. आणि दोन्ही विषय प्रत्येकी एका ग्रंथाला पुरतील एवढे मोठे असतील, तर कितीही नीट लिहिलं तरी सगळं पृष्ठभागावरच राहतं. ‘पहिलं आणि दुसरं महायुद्ध’ हा विषय तुमच्यावर लादला गेला असेल तर त्यातला एक तुकडा कापून घ्या. ‘१९१८ आणि १९४५ : हरलेल्या जर्मनीशी जेत्यांनी काय केलं’ एवढंच घेतलं तरी पुरतं. एकीकडे व्हर्सायचा तह, युद्धाच्या जबाबदारीचं कलम आणि नुकसानभरपाई, पण देशाचं सरकार जर्मनांच्याच हाती. दुसरीकडे बिनशर्त शरणागती आणि देशाचे चार व्यापलेले विभाग. विषय देणाऱ्याला विचारून असा तुकडा घेता येतो, बहुतेक जण हरकत घेत नाहीत. तशी परवानगी मिळणार नसेल, तर प्रास्ताविकातच सांगून टाका की या विषयाचा अमुक एवढाच भाग इथे घेतला आहे आणि तो का घेतला आहे. नंतर त्या कुंपणाबाहेर जाऊ नका.